जोडव्यांवरचा काळा थर

आईची जोडवी काळी पडली होती. तिला जाऊन महिना झाला होता आणि बाबांनी ती कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. चांदी रांगोळीने घासली की काळ्या थराबरोबर चांदीही झिजते, हे मुलांना दर वर्षी सांगते. म्हणून मी पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरली, खायचा सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं आणि आधी एकच जोडवं त्यात सोडलं.

सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला. चांदीला धरून बसलेलं गंधक सुटत होतं. वर्गात हा वास आला की मला आनंद होतो, प्रयोग जमल्याची ती खूण असते. त्या दिवशी मात्र मनात आलं, हे गंधक आलं कुठून? थोडं तिच्या पायांच्या घामातलं, थोडं त्या स्वयंपाकघरातल्या हवेतलं, जिथे ती चाळीस वर्षं कांदा-लसणाच्या फोडण्या देत उभी राहिली. चांदीचा एक कणही वाया गेला नव्हता. गेलं होतं ते फक्त हे, आणि तेही मी खिडकी उघडून घालवलं होतं.

लख्ख जोडवं मी बाबांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांत फिरवून पाहिलं.

"छान झालंय," ते म्हणाले. "अगदी दुकानातून आणल्यासारखं."

मग पुडीतलं दुसरं, काळं जोडवं त्यांनी उचललं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"हे राहू दे गं."