डॅन्यूबमधलं विसर्जन

मोहनचा स्लाइड शो म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या ओळखीच्या मंडळींवर दरवर्षी येणारं संकट. बेसमेंटमध्ये पासष्ट इंची टीव्ही, समोर समोश्यांचा ट्रे आणि टीव्हीवर मोहन. बुडापेस्टच्या पार्लमेंटसमोर मोहन, किल्ल्यावर मोहन, कुठल्याशा पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून मोहन. उरलेल्या जागेत बिचारं शहर.

"ही पार्लमेंटची बिल्डिंग सातशे वर्षं जुनी!" मोहन म्हणाला. ती जेमतेम एकशेवीस वर्षांची होती. शरयूनं समोश्यांचा ट्रे पाहुण्यांपुढे सरकवला. गाढवाला गुळाची चव काय, आणि ते गाढव अठ्ठावीस वर्षं आपल्याच दावणीला असेल तर सांगायचं तरी कुणाला?

शरयू ही मोहनची बायको. सांगलीच्या कॉलेजातली मेकॅनिकल इंजिनियर, वर्गात एकटी मुलगी. ट्रॉयला येऊन जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. कॉलेजात एकदा सरांनी फळ्यावर बुडापेस्टचा चेन ब्रिज काढून दाखवला होता, लोखंडी साखळ्यांवर तोललेला. तो पायी ओलांडायचा, एवढी एकच मागणी तिनं ट्रिप ठरली तेव्हा केली होती. "अगं, त्यात काय, ऑन द वे आहे," मोहन म्हणाला होता.

ऑन द वे म्हणे! तीन जोडपी, तीन दिवस आणि सामानात पाच कपांचा राइस कुकर. राजेशला बाहेरचं सोसत नाही, त्याच्या प्रीताला चीजचा वास नको, आणि मोहननं परस्पर जाहीर केलं, "शरयू करेल ना खिचडी. तिला आवडतं." अमेरिकन कुकर युरोपच्या विजेवर जळू नये म्हणून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याला शॉवर कॅपची टोपी! रोज सकाळी आठला मंडळी शहर बघायला बाहेर, आणि ब्रेक डिझाइन करणारी बाई हॉटेलच्या खोलीत तांदूळ धूत बसलेली. एक वाजता ती डबे घेऊन पोचायची तेव्हा सगळे बागेतल्या बाकावर तोंड वासून बसलेले असायचे. जेवले की त्यांना झोप यायची. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे नुसते!

शेवटच्या दिवशी दुपारचं विमान होतं आणि पूल राहिलाच होता. "माझ्याकडे फोटो आहे त्याचा, बसमधून काढलेला," मोहन म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर गरम पाण्याच्या कुंडांत डुंबायला निघाला. जाताना म्हणाला, "तू तेवढं पॅकिंग करून ठेव."

शरयूनं पॅकिंग केलं. कुकर मात्र बॅगेत न घालता काखेत मारला आणि वीस मिनिटं चालत पूल गाठला. अलीकडच्या दगडी सिंहांपासून पलीकडच्या सिंहांपर्यंत गेली. परत येताना मधोमध, जिथे साखळी हाताशी येते, तिथे तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. रडू आलं, तशी मनसोक्त रडली. मग खाली बोट नाही ना, हे बघून कुकर डॅन्यूब नदीत सोडून दिला. बाप्पाला आपण म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या. ती कुकरला म्हणाली, "पुढच्या वर्षी तोंड दाखवू नकोस."

मोहनला याचा पत्ता नव्हता. परत आल्यावर "हॉटेलात राहिला असेल" एवढंच ती म्हणाली होती, आणि विषय संपला असं तिला वाटलं होतं.

"आणि हे ते चोर हॉटेल!" मोहननं शेवटचा फोटो लावला, हॉटेलच्या दारात अंगठा वर करून मोहन. "आमचा कुकर ढापला, यार. मी काय सोडतोय? वन स्टार दिला. खोली आवरायला येणाऱ्या बाईचं नाव घालून रोज एक ईमेल करतोय. आज उत्तर आलं, तिची चौकशी चालू आहे म्हणून." मग त्यानं सोफ्यामागून एक खोकं काढलं. "पण आपलं अडत नाही! लिस्बनच्या ट्रिपसाठी हा नवीन, आठ कपांचा. या वेळी शेजारच्या ऋषीची फॅमिली पण येतेय."

टाळ्या पडल्या. "वहिनी, तुमची खिचडी होती म्हणून बुडापेस्ट बघता आलं हो," राजेश समोसा चावत म्हणाला.

शरयूच्या डोक्यात तिडीक गेली. त्या टाळ्यांची, त्या समोश्याची, टीव्हीवरच्या त्या अंगठ्याची तिला किळस आली. आणि तिकडे ती बाई! रोज सकाळी खोलीत यायची, शॉवर कॅप बघून न बघितल्यासारखं करायची आणि खिडकी उघडून जायची. त्या सबंध ट्रिपमध्ये शरयूची काळजी कुणी केली असेल, तर तिनं.

"कुकर कुणी चोरला नाही," शरयू उभी राहून म्हणाली. "मी चेन ब्रिजवरून नदीत टाकला. आत्ताच्या आत्ता हॉटेलला लिही. माझ्यासमोर."

समोसे हातातच राहिले. मोहननं एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा खोक्याकडे. "वेड लागलंय का तुला? मग... मग आता याचं काय करू?"

"आण की बरोबर," शरयू म्हणाली आणि त्याचा फोन त्याच्या हातात दिला. "बुडापेस्टला नुसती नदी होती. लिस्बनला समुद्र आहे."