शनिवारी उघडणारा व्हॉल्व्ह

माझ्या साडभाऊंनी मला फसवलं. वर्षानुवर्षं, दर शनिवारी, माझ्याच मिलमध्ये बसून, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं. सायकलवर मुरमुऱ्याची पोती वाहत होतो तेव्हापासून मला कोणी वजनात मारलं नाही की भावात. धानाचे दलाल मला पाहून चहा मागवतात, कारण सौदा लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. अशा मला या एका माणसाने गुंडाळलं आणि स्वतः पुण्याला आपल्या मुलीकडे निघून गेला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. रेल्वेत गाड्यांच्या ब्रेकची हवा सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे जगात जे जे बिघडतं ते हवेमुळे, यावर त्यांची श्रद्धा. माझा रक्तदाब, पोराचं गणित, राज्याचं मंत्रिमंडळ, सगळीकडे त्यांच्या मते कुठेतरी हवा गळत होती. पुतण्यासाठी मुलगी पाहायला म्हणून एका घरी गेलो, तर आतल्या कुकरची शिट्टी ऐकून हे उठले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन वायसर बदलून आले. मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लग्न मात्र जमलं. त्या घरात अजूनही हे 'वायसरवाले मामा' आहेत.

मुर्री गावाच्या बाजूला माझी उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल आहे. धान भिजवलेल्या पाण्याचा गाळ उपसायला मी हवेवर चालणारा पंप घेतला. त्याला मोटर नसते. पोटात रबराचे दोन पडदे. कॉम्प्रेसरची हवा एकदा या पडद्यामागे शिरते, एकदा त्या. तिला आळीपाळीने रस्ता दाखवतो तो एअर व्हॉल्व्ह, आणि त्याच्या आत एक गुळगुळीत दांडा सारखा इकडून तिकडे सरकत असतो. दांडा अडकला की पंप श्वास कोंडून बसतो. पहिल्यांदा असा बसला तेव्हा मी तापून त्याला पान्याने दणके घालत होतो. नेमके साडभाऊ दारात.

"काऊन मारून राहिला जी त्याले? कोंडा तू खाऊ घालून राहिला, अन् मार त्यानं खायचा?"

खरंच, कॉम्प्रेसर कोंड्याच्या ढिगाशेजारीच हवा ओढत होता. त्या दिवशी साडभाऊंनी व्हॉल्व्ह उघडला, दांड्यावरचा काळा चिखल माझ्या नाकापुढे धरला आणि निकाल दिला की हा दर शनिवारी उघडावा लागेल.

मी म्हटलं, "महिन्यातून एकदा."

"शनिवार."

"बरं, पंधरा दिवसांनी. तुमचंही नको नि माझंही नको."

"मंग बंद पडला का मले फोन नको करू."

समोरचा एका शब्दानेही न हलता मी हरलो, असा आयुष्यातला हा एकच सौदा.

तेव्हापासून शनिवारी सकाळच्या गाडीने ते सौंदडहून यायचे. आधी हवा बंद, मग नळीत अडकलेली हवा सोडून द्यायची, मग सगळ्यांची तोंडं बंद. ऑपरेशनला घेतात तसा तो व्हॉल्व्ह ते चार बोल्ट काढून उचलायचे आणि त्याचा एकेक भाग स्टीलच्या ताटात मांडायचे. एकदा एका हमालाला शिंक आली, तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ताटावर झाकली आणि त्या बिचाऱ्याला सर्दी जाईपर्यंत बाहेरच्या कामावर लावलं. मशिनी पुसायचा नेहमीचा कापूस त्यांना चालत नसे. "धागा सुटते, अन् धागाच अडकते." नवं कापडही नको, धुऊन धुऊन मऊ झालेलंच पाहिजे. माझी सगळी आवडती बनियनं या व्हॉल्व्हने खाल्ली. ग्रीस देवाला गंध लावावं तेवढंच. मग दांडा उन्हात धरून मला विचारायचे, "खरड दिसली?" मला एकही ओरखडा दिसत नसे, पण 'नाही' म्हटलं की तासभर हवेवर व्याख्यान, म्हणून मी 'दिसली' म्हणायचो.

मजुरीचं नाव काढलं की ते चपला घालू लागायचे. लाखोरीच्या डाळीचे वडे मात्र हक्काने मागत. जेवण झालं की मिलच्या ओसरीवर खाटेवर बसून आम्ही भांडायचो. विषय कोणताही असो, मी चढत जायचो आणि ते थंड होत जायचे. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायचो आणि राहिलेलं भांडण खिडकीच्या गजातून संपवायचो. गाडी हलली तरी त्यांचा शेवटचा मुद्दा बाकीच असायचा.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना घेऊन गेली. मी धास्तावलो. आता पंप बसणार. पहिला शनिवार गेला, पंप चालू. महिना गेला, चालू. पावसाळा गेला, तरी त्याची ठक-फुस्स, ठक-फुस्स काही थांबेना. खरं सांगायचं तर मी तो थांबायची वाट पाहत होतो, म्हणजे ठणकावून फोन करता आला असता की या आता. शेवटी न राहवून शहरातून मेकॅनिक बोलावला. त्याने व्हॉल्व्ह उघडला. आतला दांडा आरशासारखा.

"सेठजी, ये तो एकदम साफ है. खुलवाया क्यों?" मग नळीचा माग काढत तो भिंतीमागे गेला. "कंप्रेसर का मुँह तो आपने उधर आम के पेड़ के नीचे कर रखा है. लाइन में फिल्टर भी लगा है. कचरा जाएगा कहाँ से?"

मी काहीच केलं नव्हतं. जुन्या हमालाला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "ते तं साडभाऊनं तवाच बसवलं जी, पंप पयल्यांदा अडकला तवाच."

म्हणजे त्यानंतरच्या एकाही शनिवारी त्या व्हॉल्व्हला काहीही झालं नव्हतं. चकचकीत दांडा उन्हात धरून हे मला खरड दाखवत होते!

घरी येऊन मी बायकोवर ओरडलो. ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "माही बहीण वारली तवापासून त्या घरात एकटेच होते ते. जेवायले येत होते, बोलायले येत होते. तुम्हालेच दिसलं नाही."

"मग सरळ सांगायचं होतं! मी नाही म्हटलं असतं का?"

"तुम्ही नसतं म्हटलं. पण रिकाम्या हातानं ते आले असते का?"

मी तडक फोन लावला. "साडभाऊ, फिल्टर कोणी बसवला?"

त्यांनी पलीकडून उलट विचारलं, "चालून राहिला न पंप?"

"चालतो."

"मंग कायले बोंबलून राहिला?" मग आवाज खाली आला. "इथं सारंच नवं आहे बा. नळबी गळत नाही."

मुलीने फोन घेतला, गोळ्यांची वेळ झाली म्हणाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसाने एखाद्याला दर शनिवारची सवय लावायची, ती पक्की होऊ द्यायची आणि मग गाडीत बसून निघून जायचं, हा कुठला व्यवहार? पंप तर तुमच्यावाचून चालतो, साडभाऊ. दुपारी त्या ओसरीवर मी कोणाशी भांडू, याचा जबाब मला पाहिजे. आणि तो फोनवर चालणार नाही. गुडघे घेऊन या, मुलीला घेऊन या, पण इथे माझ्यासमोर बसून द्या.