अत्तारचाचांचा रकाना

फाल्गुन वद्य तृतीया, बुधवार. कचेरीत हजर: मामलेदार रावसाहेब, वैद्यबुवा आणि यादी लिहिणारा मी. अत्तारचाचाही हजर, पण उंबऱ्यावर. या माणसाला बसा म्हटलं तरी तो बसत नसे. आधी खुर्चीवर नख ओढी, वास घेई आणि पुन्हा येरझारा सुरू. त्या दिवशी त्यांनी रावसाहेबांच्याच खुर्चीवर नख ओढलं.

"सागाची म्हणून दिली व्हय कुणी? आंबा हाय की ह्यो! फसला तुम्ही, रावसाहेब."

रावसाहेब उठून खुर्चीकडे पाहतच राहिले. कामाला अशी सुरुवात झाली.

महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पावसानं दगा दिला होता. आताच्या राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन खोऱ्यांतल्या वाड्यांत धान्याच्या गाड्या पोचायला वेळ लागणार होता. तोवर रानातलं काय खाता येईल, याची शनिवारी दवंडी पिटायची होती. यादी मी केली होती. रकाने तीन: नाव, गाव, खातात की नाही. चाचांनी ती एकदा ऐकावी, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

चाचांचं दुकान गुजरीमागच्या बोळात. नावाला अत्तर, बाकी सगळ्या मुळ्या आणि साली. लोक हातात पान घेऊन येत. "चाचा, हे कशाचं?" चाचा उत्तर देत नसत, उलट विचारत: कुठनं आणलंस? चीक कसला निघतो? शेरडं खात्यात का? आणि हे सगळं बोळात फिरता फिरता, गिऱ्हाइकाला मागून पळवत. एकदा वैद्यबुवांनी पोथीत दाबलेलं पान आणून नाव विचारलं, तर म्हणाले, "मढं दावून गळा कसा हुता इचारताय व्हय?" बुवा महिनाभर बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मात्र कुंडीत रोप घेऊन आले.

मी यादी वाचू लागलो. कळलावी, खड्यानाग, वाघनखी, अशी तीन गावांची तीन विषारी झाडं मी तीन ओळींत लिहिली होती. चाचा थबकले.

"कारकून, एकच कळलावी तीन घरांत नांदवलीस की रं!"

वैद्यबुवा मनापासून हसले. मी दोन ओळी खोडल्या. पण 'कडू कंद' वाचलं तेव्हा चाचा हसले नाहीत.

"ह्यो काढ."

"का?" रावसाहेब म्हणाले. "दोन्ही खोऱ्यांतले लोक खातात म्हणून लिहून आलंय."

"खात्यात की. पर अलीकडल्यांचा कंद गुळगुळीत वेलाचा. उकडला की झालं. पलीकडल्यांचा काटेरी वेलाचा. नाव त्येच, पर त्यात इख हाय. चकत्या करून पाटीत भरत्यात आन् वाहत्या वढ्यात चार दिस ठेवत्यात, तवा खात्यात."

"मग त्यांना ठाऊकच आहे की!"

"ठावं हाय. पर औंदा वढा वाहतोय कुठं?"

आमच्यापैकी कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. कंद खा म्हणावं तर पलीकडचे मरणार, खाऊ नका म्हणावं तर अलीकडचे उपाशी राहणार. "नाव म्हंजी नुसती हाक," चाचा म्हणाले. "आनकी एक रकाना पाड. कसं खात्यात, त्ये लिव."

"शनिवारच्या आत?" मी विचारलं. चाचा तोवर पायऱ्या उतरले होते. दौत-लेखणी घेऊन मी मागे धावलो.

दोन दिवस आम्ही वाड्या पालथ्या घातल्या. उन्हाळा लागलेला, वेल वाळलेले, ओळखायला एक पान नाही. चाचा वाळक्या वेलावरून बोटं फिरवत, काटा रुतून रक्त आलं की मला म्हणत, "लिव." कापलेला कंद मनगटावर चोळत आणि खाज सुटते का पाहत फेऱ्या मारत. कंदाचं नाव ते विचारतच नसत. चुलीपाशी जाऊन म्हणत, "आक्का, कसा रांधतीस?"

पलीकडच्या खोऱ्यातल्या शेवटच्या वाडीत एक बाई कोरड्या ओढ्यात चकत्यांची पाटी ठेवून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतत होती.

"आक्का, ह्यानं इख जायाचं न्हाय."

"मग पोरांस्नी काय घालू? तूच सांग की, पावण्या!"

चाचांनी आमच्या भाकरीचं गाठोडं तिच्यासमोर ठेवलं. मग ओढ्याच्या वाळूत हातानंच खड्डा खणायला लागले. कमरेइतकं खणल्यावर ओल लागली आणि पाणी झिरपू लागलं.

"तू जा," ते मला म्हणाले. "दवंडी दोन खोऱ्यांत दोन तऱ्हेची कर. आन् पयली गाडी हिकडं वळीव. तवर मी ह्यास्नी पाणी बदलाय लावतो. चार दिस धुतल्याबिगर कुणाला तोंडात घालू देत न्हाय."

मी गेलो. दवंडी दोन तऱ्हेची झाली. पहिली गाडी त्या वाडीवर पोचली तेव्हा सगळी माणसं जिवंत होती. चाचा मात्र तिथं नव्हते. वाडीतल्यांना धुण्याची रीत लावून देऊन ते वर डोंगरातल्या दोन वाड्यांकडे निघून गेले होते. तिथं पटकीची साथ होती, तिनं चाचांनाही गाठलं. त्यांना त्या लोकांनीच माती दिली. खाली येऊन कळवण्याइतकं धड कुणी नव्हतं, म्हणून आम्हाला हे आठवड्यानं समजलं.

वर धान्य घेऊन गेलेल्या गाडीवानानं त्यांचा रुमाल आणून दिला. आत त्या दोन वाड्यांतल्या वाळक्या वेलाचे दोन तुकडे, आणि सोबत चाचांनी माझ्यासाठी सांगून ठेवलेला निरोप: "ह्यो नुसत्या काट्यावरनं कळंना. पान फुटल्यावर बघ. तवर लिवू नगंस."

त्यानंतर मी पुष्कळ याद्या केल्या. औषधांच्या, बियाण्यांच्या, शाळेच्या सामानाच्या. प्रत्येकीत तो रकाना असतो. वरिष्ठ कुरकुरतात की कागद वाया जातो. मी ऐकून घेतो आणि रेघ ओढतो.

रानातल्या खाण्याची ती यादी आता छापायला मागितली आहे. डोंगरातल्या त्या दोन वाड्यांच्या ओळींत चौथा रकाना कोरा आहे. दर आषाढात वर जायचं ठरवतो, आणि दर आषाढात कचेरीत दुसरं काम निघतं. त्या वाड्यांत आजही कडू कंद खातात. कोणता, ते पान पाहून लिहायचं आहे.