जाळीत कोंबलेली साडी

परवा आईच्या कपाटात जाळीचे काळे डाग पडलेली सुती साडी सापडली आणि ग्लासगोजवळ बर्फात उभी असलेली आमची चाकांवरच्या घरासारखी कॅरव्हान आठवली. नळाचे पाइप गोठू नयेत म्हणून बाबांनी गॅसचा हीटर चालू ठेवून हवेच्या जाळ्यांत आईच्या जुन्या साड्या कोंबल्या होत्या. सकाळी नळाला पाणी आलं, आई हसली आणि चहा ओतता ओतता कोसळली. "गॅस कोंडलाय! अगं, डोळे उघड!" बाबांनी दार लाथाडून आम्हा दोघींना बाहेर ओढलं. अनवाणी बर्फात उभी राहून मी तिची छाती हलतेय का ते बघत होते. बऱ्याच वेळानं ती खोकली. बाबा भूलतज्ज्ञ होते. त्यानंतर आई झोपली, की ते तिचे श्वास मोजत जागायचे. आता बाबा नाहीत. मोजायला मी जागते.