वाऱ्याचा घाट

सायकलवर टांग टाकण्याआधी आमच्या कामगार कॅम्पातले मामा बोट ओलं करून वर धरतात आणि घाटाचं नाव सांगतात. "आज पसरणी हाय." वारा फारच असला तर "आंबेनळी!"

कतारमध्ये चढ असा नाहीच. पण मामा वाईकडचे वेल्डर; त्यांना पुढच्या महिन्यात, सुट्टीत, जॉर्जिया देशातल्या डोंगरातली खडीची वाट सायकलनं चढायचीय. म्हणून दर शुक्रवारी आम्ही अल रुवैसजवळच्या कच्च्या रस्त्यावर, जिथं गाडी फिरकत नाही, वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणतो.

मी आठवीतून शाळा सोडलेला, कायम धास्तावलेला. मामांनी माझंही तिकीट काढायला लावलं. वर्षभर मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून आलो आणि माझी तयारी झाली असं समजलो. गेल्या शुक्रवारी ते अचानक बाजूला झाले. "पुढं हो."

वारा छातीवर आदळला तेव्हा कळलं, वर्षभर घाट एकटे मामाच चढत होते.

"मामा, मला नाही जमायचं. तुम्ही एकटेच जा."

"आरं, तितला डोंगर माझ्यामागं लपू देईल व्हय तुला? यल्ला, हाण!"

हाणत राहिलो. परत फिरायच्या खांबाला हात लावला तेव्हाच थांबलो.

"कुठला घाट होता, मामा?"

"तू चढलास. तूच नाव ठेव."

मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. मराठवाड्यातलं सपाट गाव, तिथं घाट कुठला! मामांना ते ठाऊक आहे.

"अवघड हाय त्यो," ते म्हणाले.