मापाचं मशीन

तवा कारखान्याच्या शेडात मी सखू, मुकादम रामभाऊ आन् डिझाइनवाला सायेब, एवढीच मानसं हुतो. सायेब मशीनशी बोलायचा, "कुटं दुखतंय बाई?" आमाला लय हसू यायचं.

नवरा गेल्यापास्नं मी लोखंडात एकेक भोक पाडून पोट भरलं. सायबानं काढलेलं नवं मशीन चार भोकं एकदम पाडनार हुतं. मी इचारलं, "सायेब, आता मला घरी बसवता व्हय?"

त्यो "मावशी, हात पुढं करा," म्हनला आन् खांबावर हाताच्या उंचीला खडूनं खूण केली.

मशीन आलं, तर चालवायचा दांडा बरोबर त्या खुणंएवढ्या उंचीवर. चालवताना रामभाऊला कमरंत वाकाय लागलं. त्यो करवादला, "मशीन हाय का पोलकं? म्हातारीच्या मापानं शिवलंय!"

तवापास्नं मीच चालवतीया. वाचनाऱ्यांनो, माझ्यामागं त्यो दांडा वर चढवू नका. माझ्यासारकी एखादी बुटकी बाई कामाला यील.