गायीचे मागचे पाय

लाटंबार्सेतल्या आमच्या वाड्यावरच्या मराठी शाळेला साठ वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. जुनं हजेरीपुस्तक उघडलं, तर आत वाळवीखेरीज कोणीही हजर नव्हतं.

मग माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींवरून इतिहास लिहायचा ठराव झाला; लिहिणार मी. बघता बघता गाव असं काही शिकलेलं निघालं की विचारू नका! ज्यांनी शाळेच्या आवारातले फक्त काजू चोरले, तेही माजी विद्यार्थी. आमचा अध्यक्ष गुरुदास म्हणजे पेडण्यात कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेला माणूस. त्याने नियम काढला : यादीतल्या प्रत्येक नावाला दोन माजी विद्यार्थ्यांची साक्ष हवी.

साक्षी गोळा करायला धाकू पुढे आला. त्याचा बाप दोडामार्गाहून खाणीवर कामाला आलेला. धाकू चौथीनंतर ट्रकवर क्लीनर झाला, मग तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. इंजिनाशेजारी बसून कान इतके गेले की त्याची कुजबुजही डिचोलीच्या बाजारात ऐकू जावी. खाणी बंद पडल्यापासून तो मोटारसायकलवरून दारोदार उंडे, म्हणजे गोल कडक पाव, विकतो. उंडे द्यायचे, आठवण घ्यायची आणि दुसरा साक्षीदार म्हणून तिथेच सही ठोकायची, असा त्याने सपाटा लावला. सत्तेचाळीस जणांना त्याने असं शाळेत घातलं.

प्रत्येक दारात त्याचा एक प्रश्न ठरलेला. "सरस्वती पूजनाच्या नाटकातली गाय आठवता?"

ती कोण विसरणार? दोन पोरांवर चादर घालून केलेली ती गाय भर मंचावर चक्क मुतली होती. बाईंनी आत पाण्याची पिशवी दिली असणार, असं धरून लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढचे पाय झालेल्या गुरुदासला कंपासपेटी मिळाली.

"आणि मागे कोण होतो?" धाकू विचारी.

इथे सगळे डोकं खाजवत. चादरीखाली वाकलेल्याचं तोंड बघितलंय कोणी? आमच्या वर्गातली भाग्यलक्ष्मी तर म्हणाली, "मागे कोणी नव्हतंच, स्टूल होतं."

म्हणजे सगळ्यांचा साक्षीदार धाकू, आणि त्यालाच साक्ष मिळेना. मी त्याच्याच वर्गातला, पण मलाही तो आठवत नव्हता. याची मला फार लाज वाटली.

"पोरांक पटणा नाय मी शाळेत गेलंय म्हणान," तो मला म्हणाला. "पुस्तकात नाव इला, तर दाखवतलंय."

शाळेच्या वर्गात भरलेल्या शेवटच्या बैठकीत गुरुदासने नियम वाचला आणि धाकूच्या नावावर काट मारली. माझं डोकंच फिरलं. "धाकू विद्यार्थी नसेल, तर त्याने साक्ष दिलेली सत्तेचाळीस नावंही गळतात. त्यात तुझंही आहे," मी म्हटलं.

गुरुदासने पेन खाली ठेवलं. अध्यक्ष झाल्यापासून तो पुस्तकी मराठीच बोलतो. "मागे तूच होतास, यास आधार काय?" त्याने धाकूला विचारलं.

धाकू कासावीस झाला. इकडे तिकडे बघितलं, गुरुदासच्या कानाशी वाकला आणि आपल्या समजुतीने कुजबुजला, "गुरग्या, पिशयेत पाणी नाय होता. पिशवीच नाय होती. तू भियान मुतलंस. सगळा माझ्या केसांत इला."

वर्गात बावीस माणसं होती, बाविसांनी ऐकलं. भाग्यलक्ष्मी हसता हसता बाकावरून घसरली. आणि मला एकदम आठवलं : नाटक संपल्यावर विहिरीवर एक पोरगा एकटाच डोकं धूत होता. आम्ही त्याला हसलोही होतो.

गुरुदास लालबुंद झाला. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "अठ्ठेचाळीस वर्सां... तुवें हें कोणाकच सांगलें ना?"

"माका कोणी इचारल्यान खय?" धाकू म्हणाला.

गुरुदासने साक्षीच्या रकान्यात सही केली. त्याखाली मी केली. "बरय," गुरुदासने मला लिहायला सांगितलं, "गाय : धाकू. म्हजें नांव काड."

नाव खोडायला निघालेला माझा हात धाकूने धरला. "तसा नको. आमी दोगव एकाच चादरीत होतंव. मगे एकट्याचा नाव कशाक?"